गॅरेजचे दार बंद होता होता परत वर जात असेल, तर कारण कसे शोधावे

अमेरिका आणि कॅनडातल्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या घरात गॅरेजचे दार हेच रोजचे ये-जा करण्याचे दार असते. पुढचे दार पाहुण्यांसाठी आणि पार्सलांसाठी उरते. त्यामुळे हे दार अडले की घराचा सगळा दिनक्रम अडतो. त्यातही सर्वांत गोंधळात टाकणारा बिघाड असा, की दार उघडते व्यवस्थित, पण बंद करताना अर्ध्यावरून किंवा जमिनीला टेकताक्षणी आपोआप परत वर जाते. पुन्हा बटण दाबावे, तर कधी बंद होते, कधी होत नाही. शाळेची किंवा ऑफिसची वेळ झालेली असते, दार उघडे टाकून जाता येत नाही, आणि अशा घाईत मोटरचा जोर वाढवणारा स्क्रू फिरवून लोक मोकळे होतात. त्या स्क्रूला हात लावण्याआधी काय काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे, हे येथे सांगायचे आहे.

दार परत वर जाणे ही ओपनरमध्ये, म्हणजे दार उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या मोटरच्या यंत्रात, मुद्दाम घातलेली सोय आहे, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. मोटरने चालणाऱ्या जड दाराखाली सापडून अमेरिकेत लहान मुलांचे मृत्यू झाले होते. त्यानंतर तेथे १९९० साली कायदा झाला आणि १ जानेवारी १९९३पासून तयार होणाऱ्या प्रत्येक घरगुती ओपनरमध्ये माणूस दाराखाली अडकू नये यासाठीची यंत्रणा सक्तीची झाली. आजच्या बहुतेक ओपनरांत अशा दोन स्वतंत्र यंत्रणा असतात. पहिली म्हणजे दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून जास्तीत जास्त सहा इंचांवर, समोरासमोर बसवलेले दोन सेन्सर. एक डोळ्यांना न दिसणारा किरण सोडतो आणि दुसरा तो घेतो, आणि दार खाली येत असताना हा किरण तुटला की दार वर जाते. दुसरी यंत्रणा छताला टांगलेल्या मोटरच्या पेटीत असते. दार खाली नेताना मोटरला अपेक्षेपेक्षा जास्त विरोध जाणवला, तर काहीतरी आडवे आले आहे असे धरून ती उलटी फिरते. ओपनरला अडथळा कळण्याच्या वाटा या दोनच. त्यामुळे शोधायचे ते इतकेच, की या दोहोंपैकी कोणती यंत्रणा इशारा देत आहे, आणि तिला जे आडवे आल्यासारखे वाटते आहे ते नेमके काय आहे.

हत्यारे काढण्याआधी पाहायच्या गोष्टी

दार कोठून परत फिरते, हे शांतपणे उभे राहून पाहावे. गॅरेजच्या आत, दारापासून दूर उभे राहून भिंतीवरचे बटण एकदा दाबावे आणि दाराबरोबरच ओपनरच्या दिव्याकडेही लक्ष ठेवावे. दार हलतच नाही किंवा काही इंच खाली येऊन लगेच वर जाते आणि ओपनरचा दिवा भराभर उघडझाप करतो, असे असेल तर दोष बहुधा सेन्सरच्या बाजूला असतो. चेंबरलेन आणि लिफ्टमास्टर या प्रचलित ओपनरांत अशा वेळी दिवा दहा वेळा उघडझाप करतो. दार दरवेळी साधारण एकाच उंचीवरून परत फिरत असेल, तर तेथे दार कोठेतरी अडकते आहे असे समजावे. दार पूर्ण खाली येऊन जमिनीला टेकते आणि मग वर जाते, तर ते कोठवर खाली न्यायचे याची ओपनरमध्ये ठरवलेली मर्यादा चुकली आहे. आणि दार कधी येथून, कधी तेथून, काही दिवस अजिबात नाही आणि मग सलग चार वेळा, असे वागत असेल, तर सैल वायर, थरथरणारा सेन्सर किंवा ऊन यांपैकी काहीतरी असण्याचा संभव मोठा.

संशय उरलाच, तर तो दूर करण्याची एक सोपी चाचणी आहे. दाराखाली आणि दाराजवळ कोणी नाही याची खात्री करून भिंतीवरचे बटण दाबावे आणि दार पूर्ण बंद होईपर्यंत ते दाबूनच ठेवावे. बहुतेक ओपनर अशा वेळी सेन्सरचे ऐकत नाहीत, कारण बटण धरून ठेवणारा माणूस स्वतः दाराकडे पाहत आहे असे त्यात गृहीत धरलेले असते. दार सुरळीत बंद झाले तर दोष सेन्सर किंवा त्यांच्या वायरींत आहे. तरीही ते परत वर गेले, तर सेन्सर पुसत बसण्यात वेळ घालवू नये. कारण दारात किंवा मोटरच्या मर्यादेत शोधावे. गाडीतल्या रिमोटने ही सोय मिळत नाही, कारण तेथून दाराखालचा भाग नीट दिसेलच असे नसते. भारतातून काही महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांना घरातली इतर यंत्रे दाखवतो, तेव्हा ही गोष्टही अवश्य दाखवून ठेवावी. मुले ऑफिसात असताना दार उघडे राहिले म्हणून दिवसभर गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसण्याची वेळ त्यांच्यावर येऊ नये.

सेन्सर: बहुतेक घरांत कारण येथेच सापडते

दोन्ही सेन्सरांवर एकेक बारीक दिवा असतो. चेंबरलेन आणि लिफ्टमास्टरमध्ये किरण सोडणाऱ्या सेन्सरचा दिवा पिवळसर आणि घेणाऱ्याचा हिरवा असतो; इतर कंपन्यांत रंग वेगळे असू शकतात, ते पुस्तिकेत पाहावेत. सोडणाऱ्याचा दिवा वीज पोहोचते आहे एवढेच सांगतो. खरी माहिती घेणारा देतो: त्याचा दिवा स्थिर जळत असेल तर किरण पोहोचतो आहे, विझलेला किंवा लुकलुकत असेल तर किरण पोहोचत नाही किंवा निसटता पोहोचतो आहे.

सुरुवात अगदी साध्या गोष्टींपासून करावी. सेन्सर जमिनीलगत असल्यामुळे त्यांच्यासमोर झाडू, बर्फाचे फावडे, मुलांची सायकल, कचऱ्याच्या डब्याचे चाक, वाऱ्याने आत आलेली पाने असे काहीही येऊ शकते. कोळ्याला तर ही जागा विशेष आवडते. काचेवरून आडवा गेलेला एखादा धागा दिवसाच्या उजेडात दिसतही नाही, म्हणून टॉर्च तिरकी धरून पाहावे. काच मऊ, कोरड्या फडक्याने पुसावी. खरखरीत कागद किंवा काच पुसण्याचा तीव्र फवारा वापरू नये. उन्हाळ्याच्या शेवटी ज्यांच्या घरी दार अधूनमधून परत फिरू लागते, त्यांना पुष्कळदा एवढ्यानेच गुण येतो.

पुसूनही घेणाऱ्याचा दिवा स्थिर होत नसेल, तर सेन्सर समोरासमोर नाहीत असे समजावे. कचऱ्याचा डबा ओढत नेताना किंवा गाडीतून सामान काढताना सेन्सरच्या पत्र्याच्या पट्टीला धक्का बसतो आणि ती केसभर वळते. दारापलीकडे, सोळा फुटांवर, तो केसभर फरक काही इंचांचा होतो. दुरुस्त करताना दोन्ही सेन्सर एकाच वेळी हलवू नयेत. सोडणाऱ्या सेन्सरला तसाच ठेवून घेणाऱ्या सेन्सरचा फुलपाखरी नट थोडा सैल करावा आणि दिव्याकडे पाहत सेन्सर हळूहळू वर-खाली आणि आत-बाहेर फिरवावा. दिवा पेटला म्हणून तेथेच थांबू नये. किरणाला रुंदी असते, आणि त्याच्या काठावर सेन्सर बसला तर आज जमते आणि उद्या बिघडते. एका बाजूला दिवा विझेपर्यंत आणि मग दुसऱ्या बाजूला विझेपर्यंत फिरवून पाहावे, आणि या दोन टोकांच्या बरोबर मध्यावर सेन्सर ठेवून नट हाताने घट्ट करावा. घट्ट करताना सेन्सर पुन्हा किंचित वळतो, म्हणून दुसऱ्या हाताने तो धरून ठेवावा. दोन्ही सेन्सर जमिनीपासून सारख्याच उंचीवर आहेत का, तेही टेपने मोजून घ्यावे.

यानंतरचा प्रकार अनेकांच्या ध्यानात येत नाही. दार स्थिर असताना दोन्ही दिवे छान जळतात, सगळे ठीक दिसते, आणि तरी दार निघाले की चार-सहा इंचांतच परत वर जाते. सेन्सरची पट्टी पुष्कळ घरांत भिंतीऐवजी दाराच्या ट्रॅकला, म्हणजे दाराची छोटी चाके (रोलर) ज्यातून धावतात त्या बाजूच्या पट्टीला, बसवलेली असते, आणि दार निघताना ट्रॅक थरथरतो. ती थरथर सेन्सरपर्यंत पोहोचली की किरण क्षणभर चुकतो, आणि तेवढा क्षण ओपनरला पुरतो. हे पकडण्यासाठी दोन माणसे लागतात: एकाने भिंतीवरचे बटण दाबायचे आणि दुसऱ्याने दारापासून बाजूला, गॅरेजच्या आत उकिडवे बसून फक्त घेणाऱ्या सेन्सरच्या दिव्याकडे पाहायचे. दार हलताच दिवा एकदा जरी मिचकला, तरी चोर सापडला. पट्टीचे स्क्रू आवळावेत, पट्टी वाकली किंवा गंजली असेल तर बदलावी, आणि शक्य असल्यास ती ट्रॅकऐवजी भिंतीच्या लाकडाला बसवावी. सैल ट्रॅकचे बोल्टही याच वेळी पाहून घ्यावेत.

ऊन हे कारण त्याच्या वेळेवरून ओळखू येते. दार एरवी चांगले चालते, पण ठरावीक ऋतूत, ठरावीक तासाभरातच बंद व्हायला नकार देते. पश्चिमेकडे तोंड असलेल्या गॅरेजात हिवाळ्यात दुपारनंतर सूर्य नैर्ऋत्येला खाली उतरलेला असतो. अशा वेळी उत्तरेकडच्या बाजूला असलेल्या, दक्षिणेकडे पाहणाऱ्या सेन्सरच्या काचेत ऊन थेट शिरते, आणि तो घेणारा सेन्सर असेल तर त्या झगमगाटात त्याला किरण वेगळा ओळखता येत नाही. सेन्सरवर हाताने सावली धरून दिवा स्थिर होतो का, ते पाहावे. होत असेल, तर दोन्ही सेन्सरांची अदलाबदल करावी, म्हणजे घेणारा सावलीच्या बाजूला येईल. तेवढे नको असेल, तर पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकची छोटी नळी काचेपुढे बसवूनही काम भागते.

राहिली वायर. सेन्सरपासून मोटरच्या पेटीपर्यंत जाणारी बारीक, कमी दाबाची वायर बसवताना ठिकठिकाणी स्टेपल मारून भिंतीला लावतात. स्टेपल जास्त आत गेला असेल तर वायरचे आवरण कापले जाते, आणि वर्षे उलटल्यावर दमट हवेने तेथे गंज धरतो. वायर ओढून न पाहता नुसती बोटाने हलवावी. कोठे हात लावल्यावर दिवा मिचकतो ते पाहावे. जोड उघडून, चकाकी येईपर्यंत तार खरवडून, पुन्हा घट्ट करावेत. यासाठी मोटरचा प्लग काढणे आवश्यक आहे, आणि येथे एक सावधगिरी: कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९पासून विकल्या जाणाऱ्या ओपनरांत वीज गेल्यावर चालणारी बॅटरी असणे बंधनकारक आहे, आणि इतर राज्यांतही अशी मॉडेल पुष्कळ आहेत. अशा ओपनरचा नुसता प्लग काढला तरी तो चालू राहतो. बॅटरीही सोडवावी लागते.

वायर खराब आहे की सेन्सर, हे ठरत नसेल तर दोन्ही सेन्सर काढून मोटरच्या पेटीजवळ आणावेत आणि हातभर नव्या वायरीने थेट तिच्या मागच्या जोडांना लावून समोरासमोर धरावेत. आता दोन्ही दिवे नीट जळले तर सेन्सर चांगले आहेत आणि भिंतीतली वायर बदलायची आहे. तरीही नाही जळले तर सेन्सरांची जोडी बदलावी. ही चाचणी फक्त दिवे पाहण्यापुरती करायची. सेन्सर छतापाशी समोरासमोर चिकटवून तसेच ठेवलेली गॅरेजे पाहायला मिळतात, आणि ते पाहून जीव घाबरतो. दाराखाली एखादे मूल किंवा मांजर आले तर किरणाला ते कधीच दिसणार नाही. घरात लहान मुले असोत वा नसोत, शेजाऱ्यांची मुले चेंडूमागे धावत येतातच.

दार आणि मोटर वेगळे करून पाहणे

सेन्सर निर्दोष ठरले, की प्रश्न उरतो तो विरोधाचा. येथे सगळ्यात उपयोगी चाचणी म्हणजे दार मोटरपासून सोडवून हाताने चालवणे. त्याआधी मात्र दारावरची स्प्रिंग पाहावी. बहुतेक घरांत ती दाराच्या वर, आडव्या दांड्यावर गुंडाळलेली असते. काही घरांत ट्रॅकच्या वरच्या बाजूला ताणलेल्या दोन लांब स्प्रिंगा असतात. गुंडाळलेल्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांत कोठे दोन-तीन इंचांची फट दिसली, तर ती तुटली आहे. एखाद्या रात्री गॅरेजमधून फटाक्यासारखा आवाज आल्याचे आठवत असेल, तर तो तिचाच असू शकतो. अशा वेळी दार मोटरपासून सोडवणाऱ्या लाल दोरीला हात लावू नये, दार उघडायचा प्रयत्न करू नये आणि तंत्रज्ञाला बोलवावे. दोन गाड्यांच्या सोळा फुटी पोलादी दाराचे वजन दीडशे पौंडांहून जास्त असू शकते, आणि ते सगळे वजन एरवी स्प्रिंगने तोललेले असते. मोटर फक्त दाराला दिशा देते.

स्प्रिंग शाबूत असेल, तर दार पूर्ण बंद स्थितीत आणावे आणि मगच ट्रॉलीला, म्हणजे छताखालच्या रेलवरून दार ओढत नेणाऱ्या भागाला, लटकणारी लाल दोरी ओढावी. दार वर असताना ही दोरी ओढली आणि स्प्रिंग कमजोर असली, तर दार कोसळते. आता दार दोन्ही हातांनी उचलावे. चांगले तोललेले दार एका माणसाला सहज उचलता येते आणि तीन-चार फुटांवर सोडले तर जवळपास तेथेच थांबते. ते खाली सरकत असेल तर स्प्रिंग सैल झाली आहे. आपोआप वर जात असेल तर ती जास्त ताणलेली आहे, आणि मग खाली ढकलताना मोटरला जो विरोध होतो तोच तिला अडथळा वाटतो. साधी स्प्रिंग बहुधा दहा हजार वेळा उघडझाप होईल या हिशोबाने बनवलेली असते. दिवसाला चार वेळा दार वापरले तर ती साधारण सात वर्षे होतात. ज्या घरात दोन्ही माणसे नोकरी करतात, मुलांचे क्लास असतात आणि गॅरेजचे दारच मुख्य दार असते, तेथे हा हिशोब त्याहून लवकर पुरा होतो.

दार हळूहळू वर-खाली नेताना हाताला जे जाणवते ते कोणतेही मीटर दाखवत नाही. कोठे जड लागते, कोठे खरखरते, कोठे एक बाजू मागे राहते, ते पाहावे आणि त्या जागी ट्रॅकवर खडूने खूण करावी. मोटरवर असताना दार ज्या उंचीवरून परत फिरत होते तीच ही जागा असेल, तर तेथेच बारकाईने पाहावे: गाडीच्या धक्क्याने ट्रॅकला पडलेला पोचा, झिजून डगमगणारा रोलर, तडा गेलेली बिजागरी, ट्रॅकवर साचलेले काळे, घट्ट वंगण. ट्रॅक आतून पुसून कोरडा ठेवावा; त्यात ग्रीस भरणे ही सर्वत्र दिसणारी सवय चुकीची आहे, कारण धूळ त्यात चिकटते आणि रोलर फिरण्याऐवजी घसरतो. वंगण द्यायचे ते बिजागऱ्यांच्या खिळींना, रोलरच्या बेअरिंगला आणि स्प्रिंगला, आणि तेही सिलिकॉनचे किंवा पांढऱ्या लिथियम ग्रीसचे फवारणीचे. घराघरांत असलेला नेहमीचा निळा-पिवळा डब्ल्यूडी-४०चा डबा गंज सोडवायला आणि साफ करायला चांगला, पण टिकाऊ वंगण म्हणून तो येथे पुरत नाही.

हाताने दार लोण्यासारखे चालत असेल, तर उलट बाजू तपासावी. दार बंद आणि सुटे ठेवून ओपनरचे बटण दाबावे, म्हणजे ट्रॉली एकटीच रेलवरून जाईल-येईल. रिकामी ट्रॉलीसुद्धा मध्येच परत फिरत असेल आणि सेन्सरचे दिवे स्थिर असतील, तर दोष मोटरच्या पेटीत आहे: फेऱ्या मोजणारा भाग, झिजलेले गिअर किंवा सर्किट बोर्ड. पंधरा-वीस वर्षे जुन्या ओपनरमध्ये बोर्डावर पैसे घालण्यापेक्षा नवा ओपनर घेणे शहाणपणाचे, असे माझे मत आहे.

दाराचा वरचा भागही या वेळी पाहून घ्यावा. मोटरचा दांडा जेथे दाराला जोडलेला असतो तेथे पत्रा पातळ असेल आणि आडवी मजबुतीची पट्टी लावलेली नसेल, तर दार ढकलताना तो भाग आत-बाहेर लवतो, कालांतराने चिरतो, आणि मोटरला दरवेळी वेगळा विरोध जाणवतो. लवचिक झालेल्या पत्र्यावर पट्टी लावणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे आणि त्याने दारही वाचते.

जमिनीला टेकून वर जाणारे दार

दार जमिनीला टेकते, क्षणभर थांबल्यासारखे होते आणि परत वर निघते, तेव्हा ओपनरच्या हिशोबाने प्रवास अजून संपलेला नसतो. त्याला सांगितलेली मर्यादा जमिनीच्याही खाली आहे, म्हणून जमीनच त्याला अडथळा वाटते. त्या क्षणी मान वर करून छताखालच्या रेलकडे पाहावे: मर्यादा फार खोल असेल, तर दार टेकल्यावर रेल मध्यभागी कमानीसारखी वर वाकताना स्पष्ट दिसते.

जुन्या ओपनरांच्या पेटीवर मर्यादेचे दोन आणि जोराचे दोन असे प्लॅस्टिकचे स्क्रू असतात, आणि त्यांच्याशेजारी कोणती दिशा कशासाठी ते छापलेले असते. खालच्या मर्यादेचा स्क्रू प्रवास कमी करण्याच्या दिशेने थोडा फिरवावा. अनेक मॉडेलांत एका पूर्ण फेऱ्याने दाराचा प्रवास दोन-तीन इंचांनी बदलतो, म्हणून एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये आणि प्रत्येक वेळी दार पूर्ण उघडून-बंद करून पाहावे. दाराखालची रबरी पट्टी जमिनीवर एकसारखी दबली पाहिजे, पण रेल वाकता कामा नये. नव्या ओपनरांत स्क्रूऐवजी बटणे असतात. दार कोठपर्यंत न्यायचे ते बटणांनी शिकवावे लागते, आणि त्याच वेळी ओपनर लागणारा जोरही स्वतः मोजून लक्षात ठेवतो. त्याची पद्धत मॉडेलप्रमाणे बदलते, ती पुस्तिकेत वाचूनच करावी.

मिनेसोटा, मिशिगन, ऑन्टारिओ अशा थंड प्रदेशांत राहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट माहीत हवी. कडाक्याच्या थंडीत जमिनीतले पाणी गोठून फुगते आणि गॅरेजच्या तोंडाशी असलेले काँक्रीट वर उचलले जाऊ शकते. ऑक्टोबरात अचूक बसवलेली मर्यादा जानेवारीत त्यामुळे खोल ठरते. त्याच दिवसांत रबरी पट्टीखाली बर्फाचा थर साचतो, वंगण घट्ट होते, लाकडी दार ओलाव्याने फुगते. हिवाळ्यात परत फिरणाऱ्या दाराच्या बाबतीत आधी उंबऱ्याचा बर्फ खरवडावा, मग वंगण पाहावे, आणि मर्यादा बदललीच तर वसंतात ती पूर्ववत करावी लागेल हे कोठेतरी लिहून ठेवावे.

जोराचा स्क्रू सर्वांत शेवटी

येथपर्यंतच्या सगळ्या गोष्टी तपासून झाल्या, दार हाताने हलके चालते, सेन्सर स्थिर आहेत, मर्यादा बरोबर आहे आणि तरीही दार अधूनमधून परत फिरते, तरच खाली नेण्याचा जोर किंचित वाढवावा, तोही एका वेळी अगदी थोडा. हा क्रम मी आग्रहाने सांगतो, कारण जोर वाढवला की बाकीचे दोष झाकले जातात. अडकणारा रोलर अडकतच राहतो, कमजोर स्प्रिंग कमजोरच राहते, फक्त मोटर जास्त ताकदीने दार रेटू लागते. आणि मग दाराखाली खरोखर कोणी आले तर तेवढ्याच ताकदीने ते त्यालाही रेटते.

म्हणून मर्यादा किंवा जोर बदलल्यानंतर प्रत्येक वेळी फळीची चाचणी करावी. बांधकामात वापरतात ती दोन-बाय-चारची लाकडी फळी, जी प्रत्यक्षात दीड इंच जाड असते, दाराच्या मध्यभागी जमिनीवर आडवी ठेवावी आणि बटण एकदा दाबून दार खाली येऊ द्यावे. फळीला टेकल्यावर दोन सेकंदांच्या आत दार परत फिरले पाहिजे. ते फळीवर दाबून तसेच थांबले, तर खालची मर्यादा किंचित खोल करावी किंवा जोर कमी करावा आणि पुन्हा चाचणी घ्यावी. त्यानंतर सेन्सरचीही चाचणी घ्यावी: दार खाली येत असताना एखादा पुठ्ठ्याचा खोका काठीने सेन्सरांच्या मध्ये सरकवावा, म्हणजे दार ताबडतोब वर गेले पाहिजे. या दोन्ही चाचण्या महिन्यातून एकदा करण्याची सवय ठेवावी. दुरुस्तीनंतरही यांपैकी एक जरी चाचणी फसली, तर मोटरचा प्लग काढून, बॅटरी असल्यास तीही सोडवून, दार हाताने वापरावे.

काही कामे घरी करूच नयेत. दांड्यावरची स्प्रिंग ताणणे किंवा सैल करणे, दाराच्या दोन्ही बाजूंच्या पोलादी दोऱ्या काढणे, आणि दाराच्या तळाच्या कोपऱ्यांतले, पुष्कळदा लाल रंगाने रंगवलेले बोल्ट सोडवणे ही ती कामे. या तिन्ही ठिकाणी दाराचे सगळे वजन ताणाच्या रूपाने साठवलेले असते आणि सुटल्यावर ते बोटे, डोळे, हाडे काहीही पाहत नाही. तंत्रज्ञाला बोलावताना दार कोठून परत फिरते, बटण धरून ठेवल्यावर बंद होते का, सुटे केल्यावर हाताला कसे लागते आणि रिकामी ट्रॉली कशी चालते, एवढे फोनवर सांगावे. ऐकणारा जाणता असेल तर तो योग्य भाग घेऊनच येतो, आणि येताक्षणी तपासणी न करता पूर्ण ओपनर बदलण्याचा सल्ला देणाऱ्याला नम्रपणे नकार देणे तुम्हाला सोपे जाते. ओपनरच्या पेटीवरच्या लेबलावर उत्पादनाची तारीख १९९३च्या आधीची असेल किंवा दाराला सेन्सरच नसतील, तर मात्र दुरुस्तीचा विचार सोडून नवा ओपनर बसवावा.